माशांनी आज काय खाल्लं

९ ऑक्टोबर

ताश्कंदहून आलेल्या इंजिनिअर पोरानं दोन वह्या दिल्या आणि बजावलं, रोज नोंद ठेवा: पाणी किती गरम, अमोनिया किती, माशांनी काय खाल्लं. एक वही आकड्यांसाठी शाळेत ठेवली, दुसरी घरी आणली. त्रेपन्नाव्या वर्षी दैनंदिनी लिहायला बसले आहे. कुणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

आज मासे आले. एकशेवीस, सझान जातीचे, करंगळीएवढे, हवा भरलेल्या पिशव्यांत. शाळेच्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत दोन टाक्या बसवल्यात आणि त्यांच्यावर खडी भरलेले वाफे. माशांचं घाण पाणी पंपानं वर खडीत जातं, तिथली भाजी त्यावर पोसते आणि स्वच्छ झालेलं पाणी परत खाली येतं. माती नको आणि समुद्रही नको. आमच्या वेशीवरच्या कमानीवर अजून मासा रंगवलेला आहे, पण समुद्र दीडशे किलोमीटर लांब गेला आणि गावातल्या एकाही पोरानं जिवंत मासा पाहिला नव्हता. सातवीतल्या पेरिझातनं विचारलं, बाई, हे झोपताना डोळे कसे मिटतात? मिटत नाहीत, म्हटलं. ती घाबरलीच.

टाकीपाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले ते आमचे हे. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. वहीत एकदा घेते, सार्सेनबाय, आणि पुरे. हे शाळेच्या बॉयलरवर असतात. तरुणपणी मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होते, पण तोवर इथला समुद्र आटला होता आणि दुसरीकडचे गोठलेले मासे आगगाडीनं यायचे.

"पाच समुद्रांचे मासे कापले मी," हे पोरांना सांगत होते, "पण एकानंही कधी माझ्याकडे वळून पाहिलं नाही."

मासे: एक चमचा. हे: दोन वाट्या रस्सा, आणि माझ्या ताटातलं मांस. म्हणजे सगळे आपापल्या जागी ठीक.

२३ ऑक्टोबर

अमोनिया वाढतोय. खडीत एक प्रकारचे जिवाणू धरावे लागतात, तेच माशांच्या घाणीचं खत करतात. त्यांना महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे कसेबसे जगवायचे. इंजिनिअर फोनवर सांगतो, घाबरू नका, निम्मं पाणी बदला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? इथे विहिरीचं पाणी खारं, गोडं पाणी टँकरनं आठवड्यातून दोनदा, आणि त्यातच सगळ्या गावाचं पिणं. आमच्या मुख्याध्यापिका ऊरझादा आपांनी टँकरवाल्याला चहा पाजून दोन पिंपं जास्तीची मिळवली.

गावातले म्हातारे अजून फिरकले नाहीत. येसेमुरात आजोबा म्हणे दुकानात म्हणाले, पेटीत मासे पाळतात ती काय मासेमारी? समुद्रावर होड्या चालवलेली माणसं, त्यांना आमची टाकी म्हणजे परात.

मासे: दोन चमचे, त्यातलं निम्मं तरंगत राहिलं. न खाणं ही पहिली खूण असते, असं इंजिनिअरच्या पुस्तकात आहे. बाकी सगळं नंतर दिसतं.

हे संध्याकाळी नान चहात बुडवून खात होते. म्हटलं, लहान पोर आहात का? तर म्हणाले, दाढ दुखते.

६ नोव्हेंबर

सहा मासे मेले. एकशेचौदा उरले. मी वर्गात रडले नाही, कोळशाच्या ढिगामागे जाऊन रडले. ह्यांनी पाहिलं आणि फावड्यानं कोळसा इकडचा तिकडे करत राहिले.

१९ नोव्हेंबर

अमोनिया उतरला! खडीवर तपकिरी, बुळबुळीत थर धरलाय. आयुष्यात पहिल्यांदा बुरा पाहून आनंद झाला. पोरांना सांगितलं, हेच आपले खरे नोकर, ह्यांच्या जिवावर सगळं.

शाळेची झाडलोट करणारी बिबिखान दारात नाक मुरडून उभी. म्हणाली, पाव्हणे आले तर काय म्हणतील, एकदा हात फिरवू का? मी तिला पाच मिनिटं जिवाणू समजावले. तिनं मान डोलावली, शिक्षकापुढे सगळे डोलावतात तशी.

मासे: चार चमचे, उड्या मारून. ह्यांना पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडताना पाहिलं. बॉयलरपुढे वितळतोय म्हणाले. म्हटलं, बरंच आहे, पोट सुटलंच होतं.

८ डिसेंबर

हे दाढ काढायला तालुक्याला गेले आणि दाढ न काढताच आले. डॉक्टर भेटला नाही म्हणे. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे केलं काय? येताना पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आणला, माझ्यासाठी. लग्नात दिलेल्या घड्याळानंतर ही पहिली भेट. मी जरा चिडवलं, तर हे त्याची काच पुसत बसले.

आज आयपर्शाचे तीन फोन. आमची लेक नुकुसला असते, एरवी आठवड्याला एक फोन आला तरी डोक्यावरून पाणी. आज म्हणते, आई, बाबांकडे लक्ष दे. म्हटलं, त्यांच्याकडे काय लक्ष द्यायचं, ते माझ्याकडे लक्ष देतात. तिनं नाक ओढलं आणि फोन ठेवला. लग्न झालं की पोरी हळव्या होतात.

मासे: पाच चमचे.

२१ डिसेंबर

पहिली शेपू आणि कोथिंबीर काढली. बाहेर उणे बारा, मिठाची धूळ उडतेय, आणि शाळेच्या सुपावर हिरवं तरंगतंय. पोरांनी आधी चमच्यानं बाजूला सारलं, मग पेरिझातनं खाल्लं म्हणून सगळ्यांनी खाल्लं. ह्यांच्यासाठी वाटीभर बॉयलरवर नेलं. नुसतं पाणी प्यायले, पाला वाटीच्या तळाशी तसाच. मला राग आला. इतक्या मेहनतीची पहिली शेपू.

१२ जानेवारी

उणे सत्तावीस. गॅस आठ दिवस बंद. घरं गारठलीत, पण शाळेचा बॉयलर एकदाही विझला नाही, टाकीतलं पाणी एकोणीसच्या खाली गेलं नाही. ह्यांनी गादीच तिकडे नेली आहे. इंजिनिअर म्हणाला, तुमच्याकडचे सोडून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे मासे गेले. मला फुगून जायला झालं.

दवाखान्यातला परखत फाटकाशी भेटला. म्हणाला, "ताझागुल आपा, सार्सेनबायदादांना नुकुसला न्या. ह्याच आठवड्यात." मी विचारलं, दाढेसाठी? तो जमिनीकडे बघत राहिला. दाढेसाठीच म्हणा, म्हणाला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मी गेलो आणि एका रात्रीत आग विझली की एकशेचौदा मासे दगड होतील. मार्चातला नौरोझ होऊ दे, थंडी जाऊ दे, मग नेशील तिकडे येतो. मी फार ताणलं नाही. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते: मला बरं वाटलं. मार्चमध्ये तपासणीचं कमिशन येणार. ते ठरवणार की टाक्या आमच्याकडे राहणार की तालुक्याच्या मोठ्या शाळेत जाणार. तोवर बॉयलर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझं मन होईना.

मासे: पाच चमचे. हे: दुधाचा चहा. उष्णतेनं भूक मरते म्हणतात.

२ फेब्रुवारी

कमिशनची तारीख आली, अठरा मार्च. काकड्यांना फुलं आली. मधमाश्या कुठून आणणार, म्हणून ह्यांनी दाढीच्या ब्रशचे चार केस काडीला बांधले आणि एकेका फुलाला लावत बसले. आवाज घोगरा झालाय. धुराचा असेल.

१६ फेब्रुवारी

आमचं भांडण झालं. मी काल ज्वारीची गुर्तिक केली होती. इथे हल्ली ज्वारी दळून मिळत नाही, त्यासाठी दोन गावं पालथी घातली. पिठाचे गोळे मेंढीच्या रश्श्यात चांगले मऊ शिजवले, ह्यांना आवडतात तसे. हे वा वा करत आतल्या खोलीत घेऊन गेले. आज सकाळी सगळे गोळे कुत्र्याच्या थाळीत. मी म्हटलं, आवडलं नाही तर तोंडानं सांगा, माझा जीव कुत्र्यापुढे कशाला टाकता? हे हसले आणि डोळे पुसले. हसून डोळे पुसायला काय झालं होतं? दोन दिवस बोलणार नाही असं ठरवलंय.

मासे: सात चमचे. सगळ्यात मोठा माझ्या पंज्यापेक्षा लांब.

९ मार्च

हे बॉयलरपाशी कोसळले. पोरांनी उचलून आणलं. परखत म्हणाला उद्याच्या उद्या नुकुस. उचलणाऱ्यांत पेरिझातही होती. ती म्हणाली, बाई, काका काहीच जड नाहीत.

१२ मार्च, नुकुस

मोठा दवाखाना. डॉक्टर माझ्याशी फार मानानं बोलला, खुर्ची दिली, शाळेची चौकशी केली, आणि आजाराचं सगळं आयपर्शाला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. ती आत आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, इथे ब्लीचिंगचा वास फार आहे. मला सांगितलं ते असं: अन्ननलिका अरुंद झाली आहे, सतरा तारखेला लहानसं ऑपरेशन, की गिळता येईल. म्हणजे दाढ नव्हतीच. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, तुझ्या डोक्यात आधीच एकशेचौदा जण होते.

ह्यांचा हात हातात घेतला तर कांबीसारखा. हा हात मी कधीपासून धरला नव्हता ते आठवेना.

हेच म्हणाले, एकदा जाऊन शाळेतलं बघून ये. "मी काही पळून जात नाही, मास्तरीण. नाकात नळी आहे." चौदाला जायचं आणि सोळाला संध्याकाळी परत, असं ठरलं.

१४ मार्च

फाटकातच वास आला. तोच, दवाखान्याचा.

कमिशन येणार म्हणून सगळ्या गावानं हशर केला होता, बिनमजुरीचं मिळून काम. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना, खिडक्या लख्ख. वीसएक बाया बाह्या सरसावून रांगेत उभ्या, माझी वाट बघत. बिबिखाननं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, डोळे मिटा." नवरीला नवं घर दाखवतात तसं मला सुतारकामाच्या खोलीत नेलं.

खडी पांढरीशुभ्र. दोन्ही वाफे उपसून ब्लीचिंग पावडरमध्ये एकेक खडा घासलेला. टाक्यांच्या भिंती घासलेल्या. मुळंसुद्धा धुतलेली. आणि मासे सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर.

"दोन दिवस राबलो," बिबिखान म्हणाली. "तुम्ही तिकडे दादांपाशी. म्हटलं, इथलं तरी तुमच्या मनासारखं व्हावं."

मी काय बोलले ते लिहीत नाही. बाया एकेक करून निघून गेल्या. बिबिखान अजून पायरीवर बसून रडते आहे.

क्लोरीन मारायला हायपो लागतो. तीन तास सगळीकडे फोन केले, तालुक्यात नाही, नुकुसहून यायला उद्याची संध्याकाळ. मग पेरिझात म्हणाली, बाई, तुमच्या कपाटातल्या बरणीवर तेच लिहिलंय. शाळेत पूर्वी फोटो धुवायचा वर्ग होता, तेव्हाची बरणी. दर वर्षी तिच्यावरची धूळ मी स्वतः पुसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१५ मार्च

एकाहत्तर मेले. त्रेचाळीस उरले. आणि खडीतले जिवाणू सगळेच मेले, म्हणजे ऑक्टोबरपासूनचं काम परत पहिल्यापासून. आता पंधरा दिवस रोज निम्मं पाणी बदलायचं, दिवसातून तीनदा तपासायचं, खायला जवळजवळ काही द्यायचं नाही.

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर बादल्या. काल निघून गेलेल्या बाया. प्रत्येकीनं घरच्या पिण्याच्या पाण्यातली एकेक बादली आणली होती. सगळ्यात पुढे बिबिखान, दोन बादल्या घेऊन. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. पाणी ओतलं आणि गेल्या.

१६ मार्च

आज जायचं होतं. दुपारी दोनची गाडी मी सोडली. पेरिझातला पाण्याचे रंग वाचता येतात, खरं तर माझ्यापेक्षा तिची नजर चांगली. दोन दिवस तिच्यावर सोपवता आलं असतं. पण माझ्याच्यानं सोडवेना.

आयपर्शानं फोनवर सांगितलं, आई, आज ये. दोनदा सांगितलं. मग ह्यांनी फोन घेतला. आवाज म्हणजे नुसती हवा.

"किती उरले?"

"त्रेचाळीस."

"मग थांब तिथेच. इथे येऊन दारात बसशील. तिथे त्रेचाळीस जीव आहेत, इथे एकच."

मी म्हटलं, मी येते, कमिशन गेलं खड्ड्यात. हे म्हणाले, बॉयलरपाशी सहा महिने काढले मी, ते वाया घालवू नकोस. अठराला आटपून ये. मग विचारलं, माशांनी आज काय खाल्लं? म्हटलं, काही नाही, उपाशी ठेवलेत. हे हसले, म्हणजे तसा आवाज आला. "आमच्यातलेच झाले," म्हणाले.

किती समजूतदार माणूस. मला वाटतं ऑपरेशन झालं की ह्यांना जरा माणसात आणायला हवं, दोघांनी कुठेतरी जायला हवं. पन्नाशीनंतर आम्ही कुठे गेलोच नाही.

१७ मार्च

ऑपरेशन झालं. आयपर्शा म्हणाली, झोपलेत. अमोनिया बरा आहे. आज एकही मासा मेला नाही.

१८ मार्च, दुपारी, शाळेत

टाक्या राहणार! कमिशन दहाला आलं, पाच जण. मी काही लपवलं नाही. म्हटलं, चार दिवसांपूर्वी एकशेचौदा होते, गावानं प्रेमानं एकाहत्तर मारले. आधी कुणी हसलं नाही, मग त्यांची प्रमुख बाई हसली. म्हणाली, मेलेली टाकी चार दिवसांत उभी केली, तर आणखी काय बघायचं? आपांनी त्यांना पुलाव घातला. आपांनी स्वतः मात्र एक घासही घेतला नाही. त्यांनाही ताण आला असणार बिचाऱ्यांना.

उद्या पहिल्या गाडीनं जाते. दोन काकड्या काढून ठेवल्यात, साल काढून किसून रस पाजीन. आयपर्शा सकाळपासून फोन उचलत नाही. चार्जिंग संपलं असेल.

बाहेर गाड्या थांबल्या. येसेमुरात आजोबा आणि पाच-सहा म्हातारे उतरताहेत, डोक्यावर चांगल्या टोप्या घालून. आले शेवटी एकदाचे, मासे बघायला.

२५ मार्च

काल सातव्याचं जेवण झालं. आज घर रिकामं आहे, म्हणून लिहिते. अर्धवट ठेवलेलं पूर्ण करते, मग वही बंद.

म्हातारे सात होते. त्यातल्या दोघांचं एका गायीवरून सहा वर्षं बोलणं बंद आहे, ते दोघं एकाच गाडीतून उतरले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाईट बातमी आमच्यात कुणी फोनवर सांगत नाही, एकट्यानंही सांगत नाही. वडीलधारी माणसं मिळून येतात, टेकतात आणि मग सांगतात. मी लहानपणापासून पाहत आले आहे. दुसऱ्यांच्या दारात.

मी मात्र त्यांना हाताला धरून आत नेलं. मला तर आनंदच झाला होता. टाकी दाखवली, पंप दाखवला, पाणी कुठून वर जातं आणि कुठून खाली येतं ते दाखवलं. अमोनिया म्हणजे काय ते सांगितलं. पाण्यात थेंब टाकून रंग कसा बदलतो ते सांगितलं, आणि प्रत्येकाला नळी उजेडात धरून बघायला लावली. सातही जणांनी बघितली. येसेमुरात आजोबांच्या तळहातावर चिमूटभर दाणे ठेवून म्हटलं, टाका, आज चौथ्या दिवशी पहिल्यांदा देतेय. त्यांनी टाकले. मासे आले, खाल्लं. म्हातारा माणूस वाकून बघत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी पाण्यात पडत होतं. मला वाटलं, समुद्र आठवला.

हे सकाळी दहाच्या सुमाराला गेले होते. मी कमिशनला त्रेचाळीसचा आकडा सांगत होते तेव्हा. लेकीनं रीतीप्रमाणे मला नाही, आपांना फोन केला. आपांनी पाव्हण्यांसमोर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुलाव वाढला, हसल्या, गाड्यांपर्यंत पोचवून आल्या आणि मग म्हाताऱ्यांना बोलवायला माणूस पाठवला. मी त्यांना सात दिवस शिव्या दिल्या, मनातल्या मनात. पण त्यांनी तोच धडा गिरवला जो मी सहा महिने गिरवला. आधी कमिशन होऊ दे.

कर्करोग होता. आयपर्शानं परवा सांगितलं. ह्यांना आठ डिसेंबरपासून माहीत होतं, परखतला माहीत होतं, आपांना माहीत होतं. नुकुसचा डॉक्टर म्हणाला होता की डिसेंबरातच इथे आला असता तर कदाचित. ह्यांनी तिला शपथ घातली होती, आईला मार्चपर्यंत सांगायचं नाही. मी त्या माणसाशी कुत्र्याच्या थाळीवरून दोन दिवस बोलले नाही. माझ्याकडे दोन दिवस फुकट घालवण्याएवढे दिवस आहेत असं मला वाटत होतं.

अठरा तारखेचं तेवढं सांगायचं राहिलं. अर्धा तास मी बोलत होते आणि कुणीही मला थांबवलं नाही. म्हाताऱ्यांची ही रीत मोठी दयेची आहे की क्रूर, ते मला अजून ठरवता येत नाही. मग माझं बोलणं संपलं. आपा दारात आल्या होत्या, त्यांच्यामागे बिबिखान, डोक्यावरचा रुमाल सोडलेला. पांढऱ्या दाढ्या सगळ्या एका ओळीत. येसेमुरात आजोबांनी टाकीच्या कडेवरचा हात उचलला.

"ताझागुल, बाळ," म्हणाले, "जरा बस."

मी म्हटलं, थांबा हो आजोबा, काकड्यांचे वेल दाखवायचे राहिलेत.

ते थांबले. मी त्यांना वाफ्याच्या त्या टोकापर्यंत नेलं आणि एकेक वेल दाखवला. हा पहिला, ह्याला सात फुलं होती. ह्याला पाच. हे सगळं ह्यांनी ब्रशच्या केसांनी केलं, म्हटलं. सातही म्हातारे माझ्यामागून हळूहळू चालत होते, प्रत्येक वेलापाशी थांबत होते. कुणी घाई केली नाही. वेल अकरा होते. मला तेव्हा कळलं होतं. पहिल्याच वेलापाशी कळलं होतं.

अकरावा झाला, आणि मग दाखवण्यासारखं काही उरलं नाही.